कमानीवरून गेलेले विमान

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, मुंबईहून निघालेले दोन पंख्यांचे प्रवासी विमान सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेजवळच्या माळावर आले, धावपट्टीवर दोनदा खाली उतरत आले आणि दोन्ही वेळा चाके न टेकवता वर गेले. नंतर ते मुंबईकडे वळले. विमानात विमान कंपनीचे अधिकारी होते. माळावर आसपासच्या गावांतली माणसे होती. धावपट्टीच्या कडेला, ओल्या गोणपाटाखाली, माझ्या मामांच्या द्राक्षांच्या पेट्या होत्या. परतीच्या फेरीत त्या मुंबईला जायच्या होत्या.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. बातमी मीच दिली. दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर, गूळ आणि हळदीच्या बाजारभावांच्या वर छापून आली. जागेअभावी तिचा शेवटचा परिच्छेद गळला. विमान का उतरले नाही, ते त्या परिच्छेदात होते.

मामा सैन्यात रसद पोहोचवणाऱ्या तुकडीत होते. ईशान्येच्या डोंगरांत डाकोटा विमानाच्या उघड्या दारातून तांदळाची पोती खाली ढकलण्याचे काम त्यांनी केले होते. सुभेदार म्हणून ते निवृत्त झाले आणि गावात त्यांना तेच नाव राहिले. घरी आल्यावर त्यांनी वाटणी न झालेल्या जमिनीच्या एका तुकड्यात द्राक्षाची बाग लावली. सभोवार ऊस होता. थोरल्या मामांचाही ऊसच होता. ऊस कारखान्याला जातो आणि वाटेत गळत नाही, एवढे एकच कारण ते द्राक्षाविरुद्ध देत.

द्राक्षे वाटेत गळत होती. सकाळी काढलेला माल फळ्यांच्या पेट्यांत भरून ट्रकवर चढे. सातारा, खंबाटकीचा घाट, पुणे, पुन्हा घाट, असे करत तो मुंबईच्या बाजारात पोहोचे तोवर देठ सुकलेले आणि मणी सुटलेले असत. पेटी उलटी केली की घड वेगळे आणि मणी वेगळे पडत. मामांनी मला एकदा मुद्दाम बाजारात नेऊन हे दाखवले. दलाल मणी मुठीत घेऊन म्हणाला, "सुभेदार, ही द्राक्षं आहेत की गोट्या?"  परतीच्या प्रवासात मामा विमानाविषयी बोलत राहिले. सकाळी काढलेली द्राक्षे दुपारी मुंबईत आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत, असा त्यांचा हिशेब होता. या हिशेबात अशक्य काही नव्हते.

मोठी जेट विमाने मोठ्या शहरांसाठी होती. डाकोटा युद्धकाळातली होती आणि थकली होती. या दोहोंच्या मधल्या जागेसाठी पन्नासच्या दशकात नवी विमाने तयार झाली. चाळीस-पंचेचाळीस माणसे, दोन इंजिने, प्रत्येक इंजिनापुढे एक पंखा. इंजिन मात्र जुन्या विमानांसारखे पिस्टनचे नव्हते. जेटप्रमाणेच आत इंधन जळून चक्र फिरे आणि ते चक्र पंखा फिरवी. इंधन रॉकेलच्या जातीचे लागे. आतली हवा बंदिस्त असल्याने ढगांच्या वरून जाता येई. अशी विमाने आपल्याकडे येऊन दहा वर्षे उलटली होती आणि त्यांतली काही देशातच जोडली जात होती. कंपन्यांच्या जाहिरातींत त्यांचे वर्णन लहान गावांची विमाने असे असे. लहान गाव म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न आमच्याकडे पुढची काही वर्षे चालला.

विमानतळासाठी दोन्ही जिल्ह्यांत समित्या झाल्या होत्या. साताऱ्याच्या समितीला धावपट्टी आपल्या बाजूला हवी होती, सांगलीच्या समितीला आपल्या. दोन्ही समित्यांनी मुंबईला निवेदने दिली आणि नंतर एकमेकींविरुद्धही दिली. सीमेवरच्या माळावर एक जुनी कच्ची पट्टी होती. ती दोन्ही जिल्ह्यांना सोयीची असल्याने दोघांनाही नको होती. मामा दोन्ही समित्यांच्या बैठकांना जात. त्यांना कोणत्याच बैठकीत बोलू देत नसत, कारण साताऱ्यात ते सांगलीचे ठरत आणि सांगलीत साताऱ्याचे. मुंबईहून विषय विचाराधीन असल्याचे उत्तर येई. मामांनी विचारले की मी कंपनीच्या कचेरीत फोन करी. तिथेही तेच सांगत.

दुष्काळाने हा प्रश्न सोडवला. सरकारला लोकांना देण्यासाठी काम हवे होते आणि माळावर खडीला तोटा नव्हता. म्हसवडकडची माणसे इथे येऊन राहिली आणि त्यांनी जुनी पट्टी लांब व पक्की केली. बातमीसाठी गेलो तेव्हा खडी फोडणाऱ्या एका बाईने मला विचारले, "ह्यावर कोन उतरनार हाय म्हनं?"

"विमान," मी म्हणालो.

"मग आमाला कवा बसवनार त्यात?" शेजारच्या बाया हसल्या आणि हातोडे पुन्हा सुरू झाले. पाऊस पडल्यावर ती माणसे आपल्या गावी परतली. पट्टी राहिली.

दिवाळीनंतर कंपनीचा तपासनीस आला. तो शांत आणि पुण्याच्या बाजूची मराठी बोलणारा होता. त्याने कारखान्याकडून उसाने भरलेला एक ट्रक मागवला आणि पट्टीवरून हळूहळू पुढे-मागे फिरवला. जिथे चाकांच्या खुणा उमटल्या तिथे चुन्याचे गोल करवले. डाकोटा गवतावरही उतरे, पण या विमानांना कठीण जमीन लागते, असे त्याने सांगितले. सरपंच त्याच्या मागे-मागे होते. पाच गावांच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते.

"सायेब, पंखा हाय म्हनता, मग जेट कसं?" सरपंचांनी विचारले.

"इंजिन जेटचं आहे. ते पंखा फिरवतं."

"म्हंजी बैल नवा आन् गाडी जुनीच."

"तसं म्हणा," तपासनीस म्हणाला.

पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला एक जुनी बाभूळ होती आणि तिच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला म्हसोबा. विमान त्याच बाजूने येणार असल्याने तपासनिसाने बाभूळ काढायला सांगितले. गावाने महिनाभर विचार केला. शेवटी एक बकरे कापून म्हसोबाला बाजूच्या बांधावर बसवले आणि बाभूळ तोडली. जागा सपाट आणि मोकळी झाली. तपासनिसाने जाताना सरपंचांना दोन गोष्टी बजावल्या. पट्टीवर माणूस, जनावर, दगड काहीही नको. उतरण्याच्या बाजूला उंच काही नको. सरपंचांनी दोन्ही वेळा मान डोलावली. मी तिथे उभा होतो.

त्याच हिवाळ्यात अरब देशांनी तेल महाग केले. वर्तमानपत्रांत इंधनकपातीच्या बातम्या रोज येऊ लागल्या. तरीही चाचणीचे उड्डाण रद्द झाले नाही. मात्र ते एकदाच होईल आणि त्यावरून निर्णय होईल, असे कंपनीने कळवले. मामांच्या काही पेट्या परतीच्या फेरीत नेऊन पाहायलाही कंपनीने संमती दिली.

याच सुमाराला दोन्ही मामांचे जेवताना बोलणे झाले. मी पंगतीला होतो.

"ह्या हंगामाला तुजं इमान आलं तर बाग तुजी," थोरले मामा म्हणाले. "न्हाई आलं तर मांडव उपटायचा आन् उसाची लागण करायची. मग रडायचं न्हाई."

"आलं तर पैल्या फेरीला तुमी बसायचं, दादा."

"माजं पाय जमिनीवर बरं हायेत."

मामी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, तुमी दोगं बसा इमानात. मी आन् द्राक्षं हितं सुखात ऱ्हातू."

जमिनीची वाटणी झालेली नव्हती आणि कर्ते थोरले मामा होते. त्यांनी हंगाम म्हटले होते, आणि हंगाम दोन आठवड्यांवर आला होता.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मामा पट्टीवर जाऊन आले. रस्त्याच्या बाजूने आत शिरण्याच्या जागी स्वागताची कमान उभी होती. वेळू, केळीचे खुंट, वाढ्यांसकट उभे ऊस आणि वर पांढरे कापड. कापडावर तांबड्या अक्षरांत 'सुस्वागतम्' होते. पट्टी झाडून साफ होती. मामांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहिली आणि ते घरी आले. द्राक्षे पहाटेच्या गारव्यात काढावी लागतात, म्हणून आम्ही लवकर झोपलो.

मामा निघून आल्यावर पट्टीवर काय झाले, ते मला नंतर चौघांनी वेगवेगळे सांगितले. चौघांच्या सांगण्यात जेवढे जुळते तेवढेच इथे देतो.

गावात नवा पाहुणा आला की त्याला वेशीवर घ्यायला जायची पद्धत होती. कमान वेशीवर उभी करायची, हलगी वाजवायची, ओवाळायचे आणि मग आत आणायचे. मंत्री आला तरी हेच आणि फौजेतून पहिल्यांदा रजेवर आलेला पोरगा असला तरी हेच. त्या संध्याकाळी कुणीतरी विचारले की रस्त्यावरच्या कमानीतून येणार कोण? तिथून तर आपणच येणार. पाहुणा येणार पूर्वेच्या बाजूने, आभाळातून. मग त्याची वेस ती की ही?  बाभूळ तोडल्याने पूर्वेची जागा रिकामी होती. सरपंचांना तपासनिसाची सूचना आठवत होती आणि त्यांनी ती सांगितलीही. त्यावर असे ठरले की कमान पट्टीवर नाही, पट्टीच्या बाहेर आहे, आणि बाभळीपेक्षा बुटकी आहे. सरपंचांचे शब्द चौघांनीही जवळजवळ सारखेच सांगितले: "पाव्हना कमानीखालनं जातो. ह्यो वरनं जाईल. एवढाच फरक."

विमान त्यांनी सगळ्यांनी पाहिलेले होते, पण उंचावरून जाणारे. जमिनीवर येताना ते आधी किती दूरपासून आणि किती सखल येते, हे मामांखेरीज गावात कुणी पाहिले नव्हते. कमान काढून पूर्वेच्या टोकाला पुन्हा उभारण्यात आली. कापड तिरके ताणून बांधले, म्हणजे अक्षरे वरून वाचता येतील. म्हसोबाच्या जुन्या जागी नारळ फोडला.

सकाळी आम्ही बागेत होतो. घड कात्रीने काढून, पाने लावून पेट्यांत भरले. थोरले मामा स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले.  पेट्या ट्रॉलीत चढवल्या, वर ओले गोणपाट टाकले आणि आम्ही निघालो. उन्हे वर यायला लागली होती. पट्टी दिसू लागली तेव्हा हलगीचा आवाज येत होता. माणसे पट्टीच्या दोन्ही बाजूंनी दोराच्या मागे शिस्तीत उभी होती. ट्रॉली कडेला लावून पेट्या उतरवल्या. मामांनी पूर्वेकडे पाहिले ते तेव्हा.

ते धावत गेले. मी मागून गेलो. सरपंच फेटा बांधून कमानीपाशीच उभे होते.

"कुनी आनली ही हितं?" मामांनी विचारले.

"आवं सुभेदार, समद्यांनी मिळून. कशी दिसतीया?"

"पाडा आदी."

"पाडा?" सरपंचांना खरोखर समजले नाही. "नारळ फोडलाय हितं. पाव्हना यायच्या आदी कमान पाडत्यात व्हय? लय वंगाळ ते."

"इमान धडकंल ह्याला!"

"गड्या, येवढं आभाळ मोकळं सोडून ते कमानीलाच कशाला धडकतंय?"

जवळचे लोक हसले. तेवढ्यात पूर्वेकडून आवाज आला. तो उसाच्या चरकासारखा सुरुवातीला बारीक आणि मग एकसारखा वाढत गेला. विमान आम्हाला वाटले होते त्यापेक्षा मोठे होते. ते चाके बाहेर काढून, नाक किंचित वर धरून, कमानीच्या रोखाने येऊ लागले. कापड वाऱ्याने फडफडत होते. कमानीच्या अलीकडेच आवाज एकदम चढला आणि विमान वर निघाले. पंख्यांच्या वाऱ्याने केळीची पाने फाटली आणि सरपंचांचा फेटा सुटला.

विमानाने नमस्कार केला, असे लोकांना वाटले. टाळ्या पडल्या. दोर खाली गेला आणि माणसे ते कुठे वळते हे पाहायला पट्टीवर आली. मामा दोन तरुणांना घेऊन कमानीचे दोर सोडत होते.  कमान सुटली, पण पट्टीच्या बाजूचे दोर अजून ताणलेले असल्याने ती पट्टीवर पडली. वेळू आणि ऊस आडवेतिडवे पसरले. मामा "मागं सरा, मागं सरा" असे ओरडत होते आणि हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नव्हते. थोरले मामा उसाची मोळी उचलावी तसे वेळू उचलून बाजूला टाकत होते.

विमान दुसऱ्यांदा आले. या वेळी ते पहिल्यापेक्षा उंचावरून, पट्टीच्या पूर्ण लांबीवरून गेले. खिडक्यांत चेहरे दिसत होते. लोकांनी हात हलवले. आतूनही कुणीतरी हात हलवला. मग ते डावीकडे वळून डोंगरापलीकडे गेले.

"येतंय की वळून," सरपंच म्हणाले. पट्टी साफ झाली. माणसे पुन्हा दोराच्या मागे गेली. ती दुपारपर्यंत तिथेच होती. नंतर कमानीतला ऊस लोकांनी मोडून खाल्ला आणि गर्दी पांगली. कुणीतरी म्हणाले, "सुभेदार, एक पेटी फोडा की, लोकं ताटकळलीत."  थोरल्या मामांनी त्या माणसाला हात धरून बाजूला नेले.

पेट्या पुन्हा ट्रॉलीत घालून गावात आणल्या आणि संध्याकाळी ट्रकवर चढवल्या. ट्रॉलीतून त्या थोरल्या मामांनीच काढून दिल्या. शेवटची पेटी देताना ते म्हणाले, "अजून एक हंगाम बघ."

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. पट्टीवर अडथळा आणि जमाव असल्यामुळे वैमानिकाने उतरणे नाकारले, असे कंपनीने सांगितले. पुन्हा चाचणी होईल का, याचे उत्तर लेखी येईल, असे सांगितले. ते उन्हाळ्यात आले. इंधनाच्या खर्चामुळे नव्या थांब्यांचा विचार तूर्त स्थगित होता. जुन्या थांब्यांपैकीही काही बंद होत होते. ही विमाने जिथे आधीपासून जात होती तिथल्याच फेऱ्यांना ती पुरवून वापरायची, असे धोरण होते. ज्या लहान गावांसाठी ती बनली होती, ती गावे यादीत सर्वांत खाली होती.

स्वागत समितीने नवा अर्ज केला. अर्जात, अडथळा ठरलेली कमान ही केवळ स्वागतार्थ होती, असे वाक्य घालायचे की नाही, यावर दोन बैठका झाल्या. वाक्य राहिले. साताऱ्याच्या समितीने ही घटना माळावरची पट्टी अयोग्य असल्याचा पुरावा म्हणून मुंबईला कळवली. सांगलीच्या समितीनेही तेच कळवले. या एका मुद्द्यावर दोन्ही समित्यांचे एकमत झाले. तपासनिसाची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने पट्टी पाहायला येण्याचे कबूल केले होते. तो आला नाही. मामा दर महिन्याला सांगलीला येऊन माझ्या कचेरीतून फोन लावत. पलीकडून त्यांना थांबायला सांगत आणि मग लाइन तुटे.

ऑक्टोबरची छाटणी झाली. पुढच्या हंगामात बाग चांगली आली. माल ट्रकने गेला. मार्चमध्ये गावच्या लोकांनी उकडलेली हळद धावपट्टीवर वाळत घातली, कारण तेवढी कठीण आणि सपाट जागा दुसरी नव्हती. मी पाहिले तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती पिवळी होती. पूर्वेच्या बाजूला म्हसोबा त्याच्या जुन्या जागी परत आला होता.

त्या काळात बेळगावकडे जाणारे एक विमान बागेच्या बाजूने जाई. ते त्याच जातीचे, दोन पंख्यांचे होते. मी बागेत असताना ते दोनदा गेले. मजुरांनी वर पाहिले. मामा घड पाहत होते.

एप्रिलमध्ये, पुढच्या हंगामाच्या काड्या फुटाव्यात म्हणून वेली छाटतात ती खरडछाटणी झाली नाही. थोरल्या मामांनी पुन्हा विषय काढला नव्हता. मामांनीच तारा सोडवून गुंडाळल्या आणि मांडवाचे खांब उपटून बांधाला लावले. वेली मुळांसकट काढायला मजूर लागले. देशात आणीबाणी जाहीर झाली तेव्हा नांगरट चालू होती. जुलैत त्या रानात आडसाली उसाची लागण झाली.